सहाव्या भागाचा क्रमांक

पद्मजाबाईंचं पत्र येऊन चार महिने झाले होते आणि श्यामसुंदररावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं असतं तर निदान एक सबब तरी झाली असती. पण ते त्यांच्या टेबलावर, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाखाली, एकही कोपरा न दुमडता पडून होतं. रोज सकाळी चहा घेण्यापूर्वी ते खंड उचलून पत्र जागेवर आहे याची खात्री करून घेत आणि खंड परत ठेवून देत.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. 'नीलवज्र' नावाच्या सिनेमालिकेचे आजवर आठ भाग आले होते. निळ्या मुठीचा एक तरुण त्यात दर दोन वर्षांनी जग वाचवी. या आठही भागांचा आपल्या पसंतीचा क्रम पद्मजाबाईंनी लावला होता, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण दिलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, 'तुमचा क्रम कळवावा. दिवाळीनंतर नववा आणि शेवटचा भाग येतो आहे. तिकिटं काढायची पाळी माझी. किती काढू, तेही कळवावं.'

हे फोनवरही विचारता आलं असतं. पण पद्मजाबाईंची बत्तीस वर्षं टपालखात्यात गेली होती. मोबाइलवर पाठवलेलं माणसाला पुसून टाकता येतं, पेटीत टाकलेलं येत नाही, म्हणून महत्त्वाचं काही असलं की त्या कर्वेनगरहून शनिवार पेठेत पत्रच पाठवत.

या सगळ्याची सुरुवात पंधरा वर्षांपूर्वी झाली. श्यामसुंदररावांचा नातू केयूर आणि पद्मजाबाईंचा नातू आमोद दुसरीत एका बाकावर बसत. दोघांनाही 'नीलवज्र' बघायचा होता आणि दोघांच्याही आईवडिलांना वेळ नव्हता. तेव्हा एका घरचे आजोबा आणि दुसऱ्या घरची आजी, दोघंही एकटी राहिलेली, सोबत म्हणून पाठवण्यात आली. मुलं मधे बसली, वडीलधारी दोन टोकांना. हीच बैठक पुढचे चार भाग टिकली. श्यामसुंदररावांनी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली होती, त्यामुळे असल्या सिनेमाला आपण केवळ कर्तव्य म्हणून जातो, असं ते भेटेल त्याला सांगत. कोणी विचारलेलं नसे, तरी सांगत.

मग मुलं बारावी झाली. केयूर बंगळुरूला गेला, आमोद जर्मनीला. सहावा भाग लागला तेव्हा सोबत करायला दोन माणसं होती आणि ज्यांची सोबत करायची ती नव्हती. मुलांना कथानक कळवायला हवं, असं कारण पद्मजाबाईंनी काढलं आणि श्यामसुंदररावांनी ते तत्काळ मान्य केलं. मुलांनी तो भाग आपापल्या गावी पहिल्याच दिवशी पाहिला होता, ही गोष्ट दोघांनीही विचारात घेतली नाही.

तिकिटांच्या खिडकीपाशी मात्र श्यामसुंदररावांची पंचाईत झाली. दोन तिकिटं घ्यावीत तर बाईंना आपल्या अगदी शेजारी बसावं लागणार. ते त्यांना चालेल का, हे आधी विचारायला हवं होतं. विचारायचं म्हणजे कसं विचारायचं, हे ठरेपर्यंत खिडकीतल्या मुलीने दोनदा 'किती?' म्हटलं आणि त्यांनी चार तिकिटं घेतली. पद्मजाबाईंनी ती पाहिली आणि पर्समध्ये ठेवली. सिनेमाभर मधल्या एका खुर्चीवर त्यांची पर्स होती, दुसरीवर यांची छत्री.

सातव्याच्या वेळी पाळी बाईंची होती. त्यांनीही चारच काढली. आपला अंदाज बरोबर होता, याचं श्यामसुंदररावांना समाधान वाटलं, आणि घरी येईपर्यंत ते समाधान का टिकलं नाही हे त्यांना कळलं नाही. आठव्याला त्यांनी पुन्हा चार काढली. थिएटर भरलेलं होतं. एका तरुणाने वाकून विचारलं, "काका, इथे कोणी आहे का?" श्यामसुंदरराव म्हणाले, "येताहेत." अडीच तासांत कोणी आलं नाही. तरुण पायऱ्यांवर बसून अधूनमधून वळून त्या छत्रीकडे पाहत होता.

तर पत्र आलं तेव्हा त्यांनी आठ भागांची आठ कार्डं केली. ग्रंथालयातली जुनी कोरी कार्डं त्यांच्याकडे शिल्लक होती. आठवडाभर ती टेबलावर मागेपुढे सरकवली. बाकीची कार्डं जागा बदलत राहिली, पण सहावं दर वेळी वर येऊन बसे. हे काही बरं लक्षण नव्हतं. सहाव्या भागात नायकाची शक्ती जाते, शहरातली वीज जाते आणि पाऊण तास पडद्यावर नुसता काळोख असतो. केयूरला त्यांनी फोनवर सहज म्हणून विचारलं, तर तो हसत सुटला. "आजोबा, सीरियसली? सिक्स्थ तर टोटल कचरा आहे. कुणाचीही लिस्ट काढा, तो लास्टच असतो."

पद्मजाबाईंच्या यादीतही तो शेवटचाच होता. पुढे कारण दिलं होतं, 'पडद्याकडे लक्ष लागलं नाही.'

इथे श्यामसुंदरराव अडले होते. आपला पहिला तो बाईंचा आठवा. हे कळवायचं म्हणजे चारचौघांना कळणारी साधी गोष्ट आपल्याला कळत नाही याची लेखी कबुली देणं. आणि त्यांची यादी उतरवून पाठवायची म्हणजे खोटं. त्यांनी मधला मार्ग म्हणून टिपणं काढायला घेतली. दोन महिन्यांत अकरा पानं झाली. त्यात सहाव्या भागातला काळोख, त्याची परंपरा आणि त्याचे तोटे यांचा विचार होता, आणि शेवटी पहिला क्रमांक पाच भागांना विभागून दिला होता, उरलेल्या तिघांना उत्तेजनार्थ. वाचून पाहिल्यावर एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत आपण परीक्षक म्हणून बसलो आहोत आणि सगळे स्पर्धक संस्थाचालकांचे पुतणे आहेत, असं त्यांना वाटलं. ती पानंही शब्दकोशाखाली गेली.

मग गुरुवारी केयूरचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं आणि आमोदच्या आज्जीचं काही भांडण झालंय का?"

श्यामसुंदरराव म्हणाले, "छे. आम्ही भांडण्याइतकं बोलतच नाही."

"मग आज्जीने आमोदला नाइन्थचं एकच तिकीट बुक करायला का सांगितलंय? मंगळवारी बुकिंग ओपन होतंय. तुम्ही येणार नाही म्हणाल्या."

श्यामसुंदररावांनी फोन ठेवला आणि शब्दकोशाचा खंड उचलला. एक तिकीट. चार नाही, दोन नाही, एक. पंधरा वर्षांत ही संख्या त्यांनी कधी विचारात घेतली नव्हती.

त्यांनी बाईंचं पत्र पुन्हा वाचलं. क्रमाची यादी ते आजवर इतक्या बारकाईने वाचत आले होते की शेवटची ओळ ही नुसती व्यवस्थेची बाब म्हणून त्यांनी सोडून दिली होती. मग त्यांनी आपलं सहाव्याचं कार्ड घेतलं आणि त्यावर तो पहिला का, याचं कारण लिहायचा प्रयत्न केला. नायकाचं पुढे काय झालं ते आठवेना. वीज कशी आली ते आठवेना. आठवलं ते इतकंच, की त्या पाऊण तासाच्या काळोखात पद्मजाबाईंनी दोन खुर्च्यांवरून हात लांब करून आलेपाकाची वडी पुढे केली होती, हात वीतभर कमी पडला होता, आणि उरलेली वीत यांनी छत्रीवर ओणवं होऊन भरून काढली होती.

म्हणजे पडद्याकडे लक्ष त्यांचंही लागलं नव्हतं. एकाच कारणासाठी एकीने सिनेमा शेवटी टाकला होता आणि एकाने पहिला आणला होता, आणि अकरा पानांत हे कारण तेवढं राहून गेलं होतं.

त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. पोस्टकार्डावर शंका काढायला जागा नसते. 'स. न. वि. वि.' असं सवयीने लिहून झालं, पण आज ते त्यांना पुरेसं वाटेना. दुसरं कार्ड घेऊन त्यांनी लिहिलं:

'श्रीमती पद्मजाबाई यांस, सप्रेम नमस्कार. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. माझ्या यादीत सहावा भाग पहिला आहे. पडद्याकडे माझंही लक्ष नव्हतं. बाकी सात भागांचा क्रम तुम्ही लावलात तोच धरावा. नवव्याची दोन तिकिटं काढावीत. खुर्च्या लगतच्या असाव्यात. आलेपाक मी आणेन.'

शुक्रवारी दुपारी ते पोस्टात गेले. हे सोमवारपर्यंत कर्वेनगरला नक्की पोचेल ना, हे त्यांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा, पिनकोड बरोबर आहे का ते विचारलं. बाहेर येऊन लाल पेटीसमोर उभे राहिले. 'लगतच्या' हा शब्द फार झाला का? 'शक्य असल्यास' असं घालायला हवं होतं का? खिशात पेन होतं आणि ओळीच्या शेवटी थोडी जागाही होती.

जेवणाची सुट्टी झाली म्हणून खिडकीतल्या बाई डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी या गृहस्थांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"काका," त्या म्हणाल्या, "चावत नाही ती."

श्यामसुंदररावांनी कार्ड आत सोडलं. आवाज काही आला नाही, म्हणून त्यांनी झडप उचलून वाकून पाहिलं. आत पूर्ण काळोख होता आणि हात काही तिथवर पोचण्यासारखा नव्हता.