मी, रॉक आणि पॉपच्या मधली पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि रस्त्याच्या कडेला ठोकतात तीही नव्हे. एका रेकॉर्डच्या दुकानात, लांबलचक लाकडी खोक्यात, रेकॉर्डींच्या मधोमध मी उभी असते. माझ्या एका अंगावर 'रॉक' लिहिलंय, दुसऱ्या अंगावर 'पॉप'. जन्मापासून कुणाकडे तरी माझी पाठ आहेच. त्यामुळे स्वभाव जरा कुरकुरा झालाय, तेवढं चालवून घ्या.

दुकान मुळात बाबांचं. त्यांच्या काळात रेकॉर्डी गाणाऱ्यांच्या नावांप्रमाणे लावलेल्या असत आणि कुणाची काही तक्रार नव्हती. मग बाबांचे गुडघे गेले, आणि दुकान त्यांच्या दोन मुलांच्या हाती आलं. थोरला गिटार वाजवायचा, त्याला सगळे दादा म्हणत. धाकटी बहीण गायची. एक ड्रम वाजवणारा मित्र धरून तिघांचा बँड होता. दुकान हाती आल्याच्या पहिल्याच आठवड्यात दोघांनी ठरवलं की असा घोळ चालायचा नाही, रॉक वेगळं हवं आणि पॉप वेगळं हवं. मोडक्या कपाटाच्या पाठीतून दादाने मला करवतीने कापलं, बहिणीने माझ्यावर अक्षरं काढली. 'पॉप' अंमळ मोठं आलं म्हणून त्यावरूनही जुंपली.

बाबा गल्ल्यावर बसून बघत होते. म्हणाले, "अरे, ताटातलं वाटीत काय नि वाटीतलं ताटात काय! पोटात जायचं ते जातंच."

पण ऐकतो कोण?

दादाचं म्हणणं असं, की गिटार पुढे येऊन गाणाऱ्याशी भांडते ते रॉक, आणि मागे उभी राहून नुसती मान डोलावते ते पॉप. बहिणीचा हिशेब वेगळा होता. ती म्हणायची, "भांडी घासताना आपसूक तोंडात येतं ते पॉप. आणि ऐकताना माणूस उगाच ताठ होऊन बसतो ते तुझं रॉक." मग एखादा आडदांड बँड अचानक हळवं प्रेमगीत करायचा, ते घरोघरी वाजायचं, आणि इथे पुन्हा पंचाईत.

"खप वाढला म्हणून काय ते पॉप झालं?" दादा विचारायचा.

"मग खपलं नाही की रॉक का? तसं असेल तर आपलं सगळं दुकानच रॉक आहे."

ड्रमवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मला काय विचारता? माझे हात दोन्हींनी सारखेच दुखतात."

अशा अडलेल्या रेकॉर्डीसाठी त्यांनी एक रीत पाडली होती. संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं, दोघांनी रिकाम्या खोक्यांवर बसायचं आणि ती रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये अवाक्षर काढायचं नाही. सुई उचलली की वाद. हरेल त्याने आतल्या खोलीत जाऊन चहा करायचा. त्या चहाच्या वेळी दोघं इतकी हसत, की तुझं माझं जमेना नि तुझ्यावाचून करमेना म्हणतात ते हेच, हे मला कळलं. माझ्या आयुष्यातले तेच दिवस बरे होते.

बाकी माणसांची गंमत मी रोज बघते. पॉप घेणारे कितीतरी लोक गल्ल्यावर जाताना वर एक रॉकची रेकॉर्ड ठेवतात. आवडतं ते लपवायचं आणि शोभतं ते मिरवायचं, ही खोड मला कधी समजली नाही.

मग त्यांची स्वतःची रेकॉर्ड निघाली. गाणी तिची, आवाज तिचा, गिटार त्याची. बाबा तोवर गेले होते. पुठ्ठ्याचा खोका दोघांनी मिळून उघडला. आणि मग प्रश्न आलाच, की हिला ठेवायचं कुठे?

शटर अर्धं ओढलं. रेकॉर्ड ऐकून झाली. दादाने सुई उचलली.

"रॉक," दादा म्हणाला.

"नाही रे दादा. ही लोकांनी गुणगुणावी म्हणून मी गायलेय."

"गुणगुणायला? मग साबणाच्या जाहिरातीत जा की गायला!"

तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "माझा आवाज तुला तुझ्या गिटारीखाली पुरायचाय. ऐक ना परत. मी किती लांबून गातेय असं वाटतंय."

त्या संध्याकाळी चहा कुणीच केला नाही.

पुढे कित्येक दिवस ती सकाळी रेकॉर्ड पॉपमध्ये ठेवायची, दुपारी तो रॉकमध्ये सरकवायचा. इकडून तिकडे जाताना ती रेकॉर्ड दर वेळी मला घासून जायची. एक दिवस बहीण आलीच नाही. दुसऱ्या गावी हॉटेलांमधून गायला लागली, असं ड्रमवाल्याकडून कळलं. बँड मोडला. त्यांच्या रेकॉर्डच्या प्रती थोड्या खपल्या, थोड्या वाटल्या गेल्या. शेवटी एकच उरली. ती दादाने रॉकमध्ये, मला अगदी चिकटून ठेवली. कुणी मागितली तर म्हणायचा, "विकायची नाही." वर्षं गेली, तो एकटाच म्हातारा होत गेला. ना तो फोन करायचा, ना ती. एका माळेचे मणी दोघं.

एका दुपारी ड्रमवाला आला. नेहमीसारखा हसला नाही.

"तिच्या घशाचं ऑपरेशन झालं," तो म्हणाला. "जीव वाचला. आवाज गेला. कुजबुजतासुद्धा येत नाही तिला."

दादा गल्ल्यावर बसून होता. मित्र गेल्यावर उठला, खोक्याजवळ आला, आणि त्याने ती रेकॉर्ड उचलून माझ्या पलीकडे ठेवली. पॉपमध्ये. मग दोन्ही हात माझ्यावर टेकून तो उभा राहिला. हात गरम होते. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती आली. गळ्याला रुमाल गुंडाळलेला, केस पांढरे. दादा इतका गडबडला, की हातातल्या रेकॉर्डी तशाच खाली ठेवून दिल्या.

"ये, ये. बस. बोलू नकोस, मला माहितेय सगळं. चहा टाकतो." आणि तो आत पळाला. डोळे पुसायला गेला असणार, मी त्याला ओळखते.

ती सरळ खोक्यापाशी आली. तिच्याकडे त्या रेकॉर्डची एकही प्रत उरली नसावी. आपला गेलेला आवाज कुठे असेल तर तो इथेच, एवढं तिला ठाऊक होतं. आणि भावाचा हट्टही ठाऊक होता. तिने रॉकमध्ये हात घातला. एकेक रेकॉर्ड पुढे ओढत शोधलं. पुन्हा शोधलं. मला टेकेपर्यंत तिची बोटं आली आणि थांबली. माझ्या पाठीशीच होती हो ती रेकॉर्ड! पण दादा ती पॉपमध्ये ठेवेल हे तिच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.

तिने पर्समधून पेन्सिल काढली. आतल्या दाराकडे बघत क्षणभर धरली, आणि परत ठेवून दिली. याने ती विकली किंवा फेकली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती निघून गेली.

दादा दोन कप घेऊन बाहेर आला. दुकान रिकामं. रॉकच्या रेकॉर्डी सगळ्या पुढे झुकलेल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि ती काय शोधत होती नि कुठे, ते त्याच्या ध्यानात आलं. रस्त्यावर धावला. हात हलवत परत आला.

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रमवाल्याकडून नंबर घेऊन फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला. आवाज नाही.

"अगं, पॉपमध्ये होती. तुझ्या जागी ठेवली होती. ऐकतेस ना?"

काहीच नाही. बोलणार तरी कशी? मग त्याने रेकॉर्ड लावली आणि रिसीव्हर स्पीकरजवळ धरला. तिचा आवाज दुकानभर झाला. लांबून येणाराच, पण तिचा. गाणं संपल्यावर त्याने रिसीव्हर कानाला लावला, तर फोन कटलेला. केव्हा कटला, पहिल्या ओळीला की शेवटच्या, देव जाणे.

"अरे, घरी जाऊन दे की तिला!" ड्रमवाला अजून चिडतो. दादा म्हणतो, "तिने दार लावून घेतलं तर? येईल ती." आणि आत जातो.

माझी अक्षरं आता उडाली आहेत. कुठलं अंग रॉक नि कुठलं पॉप, नवख्याला कळत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. एकच सांगणं आहे. तुम्ही कधी या दुकानात असाल, दादा आत गेलेला असेल, आणि गळ्याला रुमाल बांधलेली एक बाई रॉकमध्ये काही शोधत असेल, तर कृपा करून तिला सांगा, की बाई, पाटीच्या पलीकडे बघ. ती विचारणार नाही, आणि मला तिच्याशी बोलता येत नाही.