करडाला लागलेला वास

पौडच्या दिलशादची काळी शेळी सकाळी व्यायली आणि करडू पायावर उभं राहायच्या आत गेली. दिलशाद रडत बसली नाही. तिनं करडू उचललं, आपल्या ओढणीनं खसाखसा पुसून कोरडं केलं आणि पोटाशी धरलं.

दुपारी दुसरी शेळी, चिमणी, व्यायली. तिचं पिल्लू मेलेलंच निघालं. इकडं पोरकं करडू, तिकडं दुधानं तटतटलेली कास. दिलशादला वाटलं, जमलं. पण करडू चिमणीकडं ढुंकून बघेना. सडाला तोंड लावलं की मान फिरवायचं आणि दिलशादच्या ओढणीत शिरायचं.

तिची लेक मन्तशा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पिलांवर काम करायची. सुट्टीला घरी आली होती. बघून ती हसलीच.

"अम्मी, त्यानं तुलाच आई धरलंय."

"मी काय केलं?"

"चोळलंस न्हवं? आई चाटते तसं. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचं अंग असं चोळलं, की मेंदूत नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन सुटतं. तेव्हा नाकाशी जो वास असंल, तो पक्का बसतो. तुझ्या ओढणीचा बसला."

"मग आता पुसायचा कसा त्यो?"

"पुसायचा कशाला? दुसरा शिकवू. शिकायचंच वय हाय त्याचं. तू तेवढी लांब जाऊन बस."

उंदरांत तिनं हे कितीदा तरी पाहिलं होतं, शेळीत कधीच नाही. तरी तिचा हात कचरला नाही. चिमणीच्या अंगावरचं व्यायल्याचं चिकट पाणी तिनं फडक्यानं टिपलं, तेच फडकं कासेवरून फिरवलं आणि त्यानं ती करडाला चोळायला लागली. करडू ओरडत दाराकडं धावलं. तिनं धरून आणलं, पुन्हा चोळलं. ते पुन्हा पळालं, तिनं पुन्हा आणलं.

हळूहळू ओरडणं थांबलं. करडानं नाक वर केलं. चिमणीनंही त्याला हुंगलं, स्वतःचाच वास आला तशी चाटायला लागली. मन्तशानं हात काढून घेतला. धडपडत, दोनदा चिमणीच्या गुडघ्याला ढुशी देत, करडानं सड शोधला आणि शेपटी हलायला लागली.

"मला इसरलं बघ लगेच," दिलशाद दारातून म्हणाली. डोळे भरले होते, पण हसत होती. "आन् तुमी उंदरांना बी असंच चोळता?"

"व्हय, बारक्या ब्रशनं."

"बरी हाय की मग नोकरी!"