हे वाक्य कुणाला म्हणू?

२०१६च्या दुष्काळात चितेगावच्या एका कारखान्याने तिथल्या कामगार बायकांसाठी इंग्रजीचा अभ्यासक्रम तयार करायचं काम मला दिलं. मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक, माणसांपेक्षा पुस्तकांत रमणारा. गारखेड्यातल्या घरी बसून धडे लिहिले. पहिल्याच धड्यात वाक्य होतं : मी रोज सकाळी गुलाबांना पाणी घालते. तेव्हा आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा, तरी मला काही खटकलं नाही.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, पहिल्या वर्गात, बायका ते वाक्य इंग्रजीत माझ्यामागून म्हणत होत्या. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या वच्छलाबाई तेवढ्या गप्प. मेंढरं राखण्यात अर्धं आयुष्य गेलेली बाई. मी कारण विचारलं.

"सर, हे वाक्य म्या कुणाला म्हणू?"

मग मीच विचारलं, तुम्हाला कुणाला काय म्हणायचंय? त्यांनी सांगितलं. चाचणीवर असलेल्या नव्या मशीनचा आवाज मंगळवारपासून बदललाय. सुपरवायझरला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "मावशी, ते काय मेंढरू हाय व्हय?" परदेशातून आलेला इंजिनिअर ते मशीन तपासून, पास करून संध्याकाळी निघणार होता. त्याला फक्त इंग्रजी यायचं. आणि उद्यापासून त्याच मशीनखाली वच्छलाबाईंना हात घालायचा होता.

मीच त्याला सांगतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "आवाज म्या ऐकलाय, म्याच सांगते." आम्ही घाईने दोन वाक्यं जमवली. ती व्याकरणात बसत नव्हती, पण त्यांना म्हणता येत होती. मी त्यांच्या मागे मागे गेलो.

"साउंड नॉट गुड," वच्छलाबाई इंजिनिअरला म्हणाल्या. "प्लीज लिसन."

त्याने ऐकलं आणि विचारलं, "सिन्स व्हेन?"

केव्हापासून, हा प्रश्न माझ्या सातव्या धड्यात होता आणि आम्ही पहिल्यावरच होतो, म्हणून मी हळूच अर्थ सांगितला.

"ट्यूजडे. वॉटर कट. मशीन हॉट."

मंगळवारीच कारखान्याचं पाणी कमी केलं होतं. मशीन थंड ठेवणारं पाणीही त्यातलंच. हे दोन धागे त्यांच्याआधी कुणीच जोडले नव्हते. पुढचे शब्द संपले, तेव्हा वच्छलाबाईंनी डोळे मिटले आणि तोंडाने मशीनचा आवाज काढला. आधी जुना, मग नवा, शेवटी बारीक घरघर.

इंजिनिअरने मशीनमागच्या नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. त्याने मशीन बंद केलं, त्याला न्यायला दाराशी उभी असलेली गाडी परत पाठवली आणि वच्छलाबाईंसाठी स्टूल ओढलं. पुढचा प्रश्न त्याने सुपरवायझरला नाही, त्यांनाच विचारला.

मी वही उघडली आणि नव्या पहिल्या धड्यासाठी त्या काय बोलतात ते उतरवून घेऊ लागलो.