रस्त्यापलीकडचा खुरीस

मी खुरीस बोलतोय, म्हणजे तुमच्या भाषेत क्रूस. कसालच्या अलीकडे, महामार्गालगत चिऱ्याच्या चौथऱ्यावर उभा असलेला, दरवर्षी चुना फासून घेणारा.

माझ्या मागच्या घरातल्या लूर्डसच्या सासऱ्याने मला बांधलं. तेव्हा रस्ता एवढासा होता. समोरून एसटी आली की सायकलवाला खाली उतरून उभा राही आणि ड्रायव्हर त्याची चौकशी करून पुढे जाई. मे महिन्यात वाडीतले सगळे जमून माझ्यापुढे लादीन गात. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटत. रस्त्यापलीकडची शेजारीण सीता हिंदू. तिला लादीन येत नसे, पण चण्यांची वेळ मात्र अचूक कळे.

रस्ता चौपदरी व्हायचं ठरलं आणि मी नेमका आड आलो. लूर्डसचा नवरा सेबॅस्टियन इस्त्रीचा शर्ट घालून ओरोसच्या जिल्हा कचेरीत खेटे घालू लागला. साहेबांशी शुद्ध मराठीत बोले. त्यांनी एकदा विचारलं म्हणे, माणसांना रस्ता ओलांडायला काही हवं का? हा म्हणाला, आमचा खुरीस तेवढा राहू दे, बाकी काही मागणं नाही. देवाची जागा राखली की माणसांचं देव बघतो, अशी आमच्याकडची समजूत. वाडी खूश झाली. मीही फुशारलो.

सीताने आपल्या आवाराचा कोपरा दिला आणि मला पलीकडे नेऊन बसवलं. लूर्डसचं घर राहिलं अल्याड. भुयारी मार्ग पार बाजारापाशी, आणि हिचे गुडघे धरलेले. लोकांनी दुभाजकातली झुडपं तुडवून वाट केली होती, तिथूनच ती रोज संध्याकाळी मेणबत्ती घेऊन येई. गाड्या थांबत नसत. माझा जीव टांगणीला लागे.

गेल्या लादिनीला ती चण्यांचा टोप घेऊन निघाली. झुडपांपर्यंत पोचली. पुढचं माझ्याने सांगवत नाही. सांडलेल्या चण्यांवरून चाकं जात राहिली. ती माझ्याकडे येत होती, माझ्यापायी गेली.

आता मेणबत्ती सीता लावते. सेबॅस्टियन समोरच्या कडेला उभा राहतो, इकडे येत नाही. परवा तो पुन्हा ओरोसला गेला. सोबत सीता होती, तिनेच फुलं वाहताना मला सांगितलं. या वेळी त्याला शुद्ध मराठी सुचलीच नाही.

"साहेबानू, खुरीस मोडलो तरी चलात. माणसांका पलीकडे जावची वाट दिया."

मला राग आला नाही. खरंच मोडा मला, माझे चिरे त्या वाटेत घाला. लूर्डसचा पाय काही त्यांवर पडायचा नाही. पण सीताला अजून दळणाला पलीकडे जावं लागतं.