खुंटीवरचा सात नंबर

लिलाबाईनं माझ्या दुकानात येऊन आधी चप्पल काढली. आत यायला नाही, हातात घ्यायला.

"रामदासभावजी, माझा नवरा कवा मेला तेवढं सांगा. म्या तर सकाळी त्याला भाकरी वाढून आलेय."

माझं मुळशीत एसटी थांब्यासमोर छपाईचं दुकान आहे. टी-शर्टवर नंबर, लग्नाचे फ्लेक्स, असलं काहीबाही. गावात काही विपरीत झालं की लोक आधी माझ्याकडंच बघतात, आणि बघतात ते बरोबरच बघतात. सरपंचांच्या म्हशीच्या वाढदिवसाचा 'भावी आमदार' असा फ्लेक्स मीच लावला होता, आणि दोघंतिघं तिला हारही घालून आले होते. पण या खेपेला मी चेष्टा केलीच नव्हती, हेच तर दुखणं होतं.

झालं असं की लिलाबाई बाजाराला उतरली आणि भेटेल ती बाई तिच्या गळ्यात पडायला लागली. कसं झालं वहिनी, परवा तर चांगला दिसला होता, असं. भैरवनाथाच्या सभामंडपात जाऊन बघते तर भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, धाकलूचा, सात नंबरचा शर्ट टांगलेला. शर्टाला झेंडूचा हार, खाली उदबत्ती, नारळ, आणि माझ्या हातची छपाई: 'नंबर सात अमर रहे'.

आता हे सगळं करायला मला लावलं कुणी? याच लिलाबाईनं.

धाकलू मरगळे माझ्याच वयाचा. वरच्या वाडीवरचा धनगर, रिसॉर्टवर बागेला पाणी घालतो, गवत काढतो. आमच्या कबड्डी संघात तो मिसरूड फुटायच्या आधीपासून. चढाईला कधी गेला नाही. उजवा कोपरा धरून उभा राहायचा आणि आलेल्या गड्याचा घोटा पकडायचा, बस. संघ निवडताना सहा नावं फटाफट यायची, मग कुणीतरी म्हणायचं, सातवा कोण? मग सगळेच म्हणायचे, धाकलू. म्हणून त्याचा नंबर सात. कप घेतानाच्या फोटोत तो कायम कडेला, अर्धा खांदा कापलेला. एकदा रिसॉर्टचा पाहुणा सेल्फी काढताना धरणाच्या कडेवरून घसरला, तर यानं त्याला घोट्याला धरून वर ओढला. पाहुणा ओरडला, अरे हात पकडायचा ना. धाकलू म्हणाला, हाताला घाम असतो साहेब, घोटा सुटत न्हाई.

पण आता त्याचा गुडघा गेला होता. वाडीची चढण काठीशिवाय चढवेना. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एकदा कुणी अंगावर पडलं तर चालणं विसरा. हा मात्र जत्रेच्या सामन्यासाठी गुडघ्याला तेल चोळत बसलेला. दहा-बारा दिवसांमागं लिलाबाई दुकानात आली आणि म्हणाली, त्याचा खेळ थांबवा. संघातल्या पोरांची तर सांगायची छाती नव्हती. मी म्हणालो, सांगतो. तर ती दारातून परत फिरली.

"थांबवा, पर त्याची मान खाली न्हाई गेली पायजे. गेली, तर मंग माझ्याशी गाठ हाय."

आता आली का पंचाईत. माणसाला काढायचं आणि मानही ठेवायची, हे काम चेष्टेपेक्षा अवघड.

तेवढ्यात ऑफिसचे टी-शर्ट माझ्याकडं छापून घेणारा सौरभ आला. हा मूळचा वाशिमचा, मारुंजीत भाड्यानं राहतो, आयटीत आहे. अमेरिकेतल्या क्लायंटशी गप्पा जमाव्यात म्हणून तिकडचं फुटबॉल बघायला लागला आणि त्याचाच नाद लागला. पाय कमी, हातच जास्त, असलं ते फुटबॉल. ग्रीन बे म्हणून एका छोट्या गावाचा संघ आहे, त्याला मालकच नाही, गावकऱ्यांनीच शेअर घेऊन चालवलाय, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, म्हणजे आमची जत्रेची वर्गणीच की. आमच्या संघाचे शर्टही तिकडचेच. एक्स्पोर्टचा उरलेला गठ्ठा मला स्वस्तात मिळाला होता. तिकडचे गडी खांद्यांवर पॅड घालतात, त्यामुळं आमची पोरं त्या शर्टात बुजगावण्यासारखी दिसतात.

सौरभ म्हणाला, काका, तिकडे फार मोठा खेळाडू थांबला की त्याचा नंबरच रिटायर करतात. जर्सी लावून ठेवायची, तो नंबर पुन्हा कुणालाच नाही. शिकागोवाल्यांनी तर इतके नंबर रिटायर केलेत की नव्या पोरांना नंबर पुरेनात.

मी टाळी वाजवली. सापडलं. अमोलला बोलावलं. अमोल पिरंगुटच्या कंपनीत कामाला, आणि आमच्या संघाचा उजव्या कोपऱ्याचा बदली खेळाडू. धाकलूच्या मागं बाकावर बसून बसून त्याचं लग्न झालं, पोर झालं. त्याला सांगितलं, जत्रेच्या सकाळी धाकलूचा शर्ट दुकानातून ने आणि मंडपात मानानं टांग. पाटी मी करतो.

तर अमोलनं मानानं टांगला. आमच्याकडं मान म्हणजे काय? हार, उदबत्ती, नारळ. बिचाऱ्याचं काय चुकलं? आणि 'अमर रहे' छापताना माझ्या तरी डोक्यात कुठं आलं, की असं कुणासाठी म्हणतात.

लिलाबाई पुढं आणि मी मागं असे आम्ही मंडपात पोचलो, तर धाकलू आधीच येऊन स्वतःच्या शर्टासमोर उभा. काठी बगलेत. बाजूला अमोल मान खाली घालून. सौरभ जत्रा बघायला म्हणून आलेला, तोही खांबाला टेकून उभा.

"रामा," धाकलू म्हणाला, "पाया पडू का?"

कुणी हसेना. मीही नाही. मग मी आपला सुरू झालो. अमेरिका, शिकागो, तिकडं केवढा मान देतात, नंबर कसा कुणाला मिळत नाही. मध्ये मध्ये सौरभला बोलायला लावलं. त्यानं मोबाईलवर दाखवलंसुद्धा. भरलेलं मैदान, सगळे उभे, आणि एक म्हातारा गडी हात हलवतोय. धाकलूनं मोबाईल हातात घेऊन ते पुन्हा पुन्हा बघितलं. मग परत दिला.

"म्हंजी मला काढला."

लिलाबाईच्या हातातली चप्पल कधी खाली आली ते मला कळलंही नाही. तिनं ती पायात घातली आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यांनी न्हाई. म्या."

धाकलूनं तिच्याकडं बघितलं. मग गुडघ्याकडं. मग शर्टाकडं.

"ह्यो नंबर आता कुनालाच न्हाई?" त्यानं विचारलं.

"कुणालाच नाही," सौरभ म्हणाला.

"मंग उजव्या कोपऱ्यात हुबं कोन ऱ्हानार?"

अमोलनं मान आणखी खाली घातली.

"रामा, तुझ्या आज्याचं नाव काय?"

"रामदास," मी म्हणालो.

"मंग? आमच्यात म्हाताऱ्याचं नाव नातवाला देत्यात. खुट्टीला न्हाई टांगत."

त्यानं टाचा उंचावून खुंटीवरून शर्ट काढला. गुडघ्यातून कळ गेलेली दिसली, पण मदतीला गेलेला अमोलचा हात त्यानं कोपरानं बाजूला केला. हार काढून शर्ट झटकला, उदबत्तीचा वास घेतला, आणि अमोलच्या डोक्यावरून घातला. आधी एक बाही, मग दुसरी, ताप आलेल्या पोराला घालावा तसा. अमोलला बोलायचं होतं, पण शर्ट तोंडावर होता ते बरंच झालं.

"घोटा बघायचा," धाकलू एवढंच म्हणाला. "डोळ्यांत बघितलंस की फसलास."

सौरभ माझ्या कानाशी आला. काका, डॅलसचा संघ असंच करतो, नंबर टांगतच नाहीत, चांगल्या पोराला देतात. मी म्हणालो, हे आधी सांगायला काय झालं होतं तुला.

हार धाकलूच्या हातातच होता. तो माझ्याकडं आला आणि त्यानं तो माझ्या गळ्यात घातला.

"ह्यो मेला चेष्टा करून करून," तो लिलाबाईला म्हणाला. ती पदर तोंडाला लावून हसली, आणि त्यातच डोळेही पुसले.

संध्याकाळी सामना झाला. मी हार काढला नाही. भेटेल तो विचारायचा आणि मी सांगायचो, वारलो. धाकलू दोरीबाहेर माझ्या शेजारी उभा होता. सौरभनं त्याला सांगितलं, सिअ‍ॅटलच्या संघानं बारा नंबर फक्त बघणाऱ्यांसाठी ठेवलाय, तो कुठल्याच खेळाडूला मिळत नाही.

"बघ्याला बी नंबर?" धाकलूला हे फार आवडलं. "मंग रामा, मला बारा छाप. पर मापाचा शर्ट आन."

समोरच्या संघाचा उंच गडी चढाईला आला. आमच्या पोरांनी साखळीला हात धरले. उजव्या कोपऱ्यात अमोल, अंगात तो ढगळा सात नंबर. धाकलू बोलायचा थांबला. दोरीबाहेर, पांढरी फक्की मारलेल्या रेघेपासून हातभर मागं, तो दुखरा गुडघा सांभाळत थोडा वाकला. उजवा हात घोट्याच्या उंचीवर गेला आणि डावा बाजूला, शेजारच्या गड्याला शोधत.

शेजारी मी होतो. मी हात दिला.

कसली पकड ती. माझी बोटं कडाकडा वाजली. समोर गर्दी एकदम उठली, धूळ उडाली, कुणीतरी ओरडलं की अमोलला घोटा घावला. मला दिसलं काहीच नाही. शिट्टी वाजली, गडी उठून आपापल्या जागी गेले, तरी धाकलूनं माझा हात सोडला नाही. मीही गळ्यातल्या हारासकट तसाच वाकून उभा राहिलो, पुढच्या चढाईची वाट बघत.