दोरीच्या आतला ग्लायसिन

मित्रांनो, मी एक जुना ग्लायसिन आहे, निरफणसाच्या लाकडाचा मणी. सामोआतल्या एका गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लोसाबाईंनी मला घडवलं. मी दिसतो इतर अमिनो आम्लांसारखाच. मधोमध काळा कार्बन, एका हाताला अमिनो गट, दुसऱ्या हाताला आम्लाचा गट, तिसऱ्याला हायड्रोजन. आमची जात ठरते ती चौथ्या हातावरून. त्या हातामुळे कुणाला पाण्याची ओढ, कुणाला तेलासारखी पाण्याची नावड, कुणी आम्लधर्मी, कुणी त्याच्या उलट. आणि माझ्या चौथ्या हातात काय? आणखी एक हायड्रोजन. झालं!

जळफळाट व्हायचा हो माझा. तो ट्रिप्टोफॅन बघा, दोन जोडलेली कडी मिरवणारा. मुलं त्यालाच उचलायची, "केवढा आहे रे हा!" मला मात्र "हा तुटलाय वाटतं" म्हणून परत डब्यात टाकायची.

यंदा पालक शाळा बघायला येणार होते. बाई म्हणाल्या, "हाडांतलं, कातडीतलं कोलॅजेन नावाचं प्रथिन करा. तीन माळा ओवून पीळ घाला. उरेल तो डबा कचऱ्यात, कपाट रिकामं हवंय मला." माझी तर पाचावर धारण बसली.

वर्गातली फेतू ओवायला बसली. तिनं शेजारच्या चुलतभावाला विचारलं, "पिली, या ग्लायसिनांना कुठं बसवू?"

"धाकटी माणसं बसतात का कधी? मताई बसतात, पोरं त्यांना जेवण वाढतात. राहू देत डब्यात!"

मताई म्हणजे घराण्याचे प्रमुख. गावची रीतच ती, मग फेतूनं सगळ्या जागा मोठ्यांनाच दिल्या. पण पीळ घालताच दोरी फुगली. दोघांनी ओढून पाहिली, तशी ती उलगडून पायाशी पडली.

"आता लोक येतील रे!" फेतूला रडूच फुटलं.

बाई म्हणाल्या, "रडतेस काय? पिळाच्या आत कोण येतंय ते बघ."

फेतूनं बोट फिरवलं. दर तिसरा मणी आत वळत होता, आणि तिथे ट्रिप्टोफॅन ठाण मांडून बसला होता. आत कडं मावायला जागाच नव्हती.

"पिल्या, या मताईंना उठव! डबा आण आधी!"

दर तिसऱ्या जागी आम्ही बसलो. पीळ घट्ट बसला. ट्रिप्टोफॅन डब्यात गेला, कारण कोलॅजेनच्या या पिळात त्याला जागा नसते. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण पालक आले ते बाहेरच्या बाजूला बसलेल्या प्रोलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचं कडं बघून खूश झाले. मी आत, अंधारात. पुन्हा पोटात दुखायला लागलं माझ्या. तेवढ्यात पिलीच्या आजीनं विचारलं, "आत कुणी आहे का रे?"

पिली म्हणाला, "धाकटी मंडळी आहेत, आजी. ती उठली तर कुणालाच बसता येणार नाही."

मित्रांनो, ट्रिप्टोफॅनचा तो डबा अजून दाराशी कचऱ्यात पडलाय. जिवावर येतंय, तरी सांगतो, त्याला उचलून घ्या. दुसऱ्या एखाद्या प्रथिनात ट्रिप्टोफॅनवाचून अडेल. फक्त त्याला माझ्या शेजारी ठेवू नका.