हिरवळ ओली, नळ कोरडे

मी शंकरसिंगच्या लॉनवरची, फवाऱ्यांचं पाणी सोडणारी पेटी बोलतेय. दारव्ह्याबाहेर लग्नांसाठी भाड्यानं देतात त्या लॉनच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. माझी एक तार मातीत पुरलेल्या सेन्सरपर्यंत जाते. माती ओली असली की मी फवारे बंद ठेवते, सुकली की गरजेपुरते सोडते.

मला बसवायचा हट्ट रंजिताचा, म्हणजे शंकरसिंगच्या लेकीचा. लॉनचा बोअर आणि तिची आत्या राहते त्या खालच्या तांड्याची विहीर एकाच झऱ्यावर. "गवत थोडं पिवळं दिसन बाबा, पण आत्याच्या विहिरीले पाणी राहीन," ती म्हणाली होती. पहिल्या उन्हाळ्यात तसंच झालं. कडेचं गवत पिवळं पडलं, मेलं मात्र नाही.

मग रंजिताचंच लग्न ठरलं, ऐन मे महिन्यात आणि याच लॉनवर.

शंकरसिंग व्याह्यांच्या नजरेनं गवताकडे पाहू लागला. एका दुपारी त्यानं सेन्सर उपटला आणि तापलेल्या फरशीवर टाकला. मला वाटलं, जमीन भाजून निघाली. मी फवारे सोडले, सोडतच राहिले. लॉन हिरवंगार झालं.

"बाबा, एवढं पाणी कायले?" रंजितानं विचारलं.

"मी कुठं देऊन राह्यलो? पेटीच देते."

तो माझ्याकडे बोट दाखवून खोटं बोलला आणि मला तोंड नव्हतं. भिंतीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं.

लग्नाच्या दिवशी वरात आत आली आणि वऱ्हाड्यांचे पाय हिरवळीत घोट्यापर्यंत रुतले. व्याही हातात जोडे घेऊन नळाकडे गेले. नळ नुसता फुसफुसला. बोअर आटला होता. पंगत बसायची होती आणि प्यायला थेंब नव्हता.

तेवढ्यात तांड्यावरच्या बायका डोक्यावर घागरी घेऊन आल्या. पुढे सोनीबाई, शंकरसिंगची थोरली बहीण.

"विहिरीत तळाले होतं तेवढं आणलं, शंकर. पोरीचं लगन हाये."

नवरीच्या वेशातली रंजिता फरशीपाशी गेली, सेन्सर उचलून तिनं बापाच्या हातावर ठेवला.

"पेटीवर ढकललं ना बाबा तुमी?"

व्याह्यांनी ऐकलं. ते सोनीबाईच्या घागरीतलं पाणी ओंजळीनं प्याले. शंकरसिंगची मान वर झाली नाही.

मांडव उतरताच त्यानं सेन्सर पुन्हा मातीत पुरला आणि तांड्यावर गेला. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, तर सोनीबाईनं हातात रिकामी घागर दिली. "बोलू नको. दूरच्या हापशीवरून भरून आण." पाऊस लागेपर्यंत तो बहिणीचं पाणी वाहत होता, असं रंजिता माहेरी आल्यावर सांगत होती.

आता अर्ध्या लॉनवर मुरूम टाकलाय. उरलेल्या हिरवळीला मी मोजून पाणी देते. शंकरसिंग माझ्यावरची धूळ पुसतो, पण नजर चुकवून.

तुमच्याकडे माझ्यासारखी पेटी असेल, तर तिला मातीची खरी खबर कळू द्या. आम्हाला फक्त गवताची तहान कळते. माणसांची तुम्हीच बघायची असते.